एक वर्ग ओढ्याकाठी

(शिक्षक आणि पालक यांच्या एकत्रित मेळाव्यात झालेल्या व्याख्यानाचा हा संपादित भाग.)



२५ सप्टेंबर २०१९ ची रात्र पुणे शहर सहजी विसरणार नाही. कात्रजच्या डोंगरावर कोसळलेला पाऊस आंबील ओढ्यातून खाली उतरला आणि काठच्या वस्त्यांमध्ये शिरला. सहकारनगर, अरण्येश्वर या भागांत सीमाभिंती कोसळल्या, उभी वाहने काडीसारखी वाहून गेली. त्या रात्रीच्या पावसाने शहर आणि जिल्हा मिळून वीसहून अधिक माणसांचे प्राण घेतले. एरवी ज्याच्याकडे नाक मुरडून 'नाला' म्हणून पाहिले जाते, त्या प्रवाहाला स्वतःचे नाव आहे, उगम आहे, खोरे आहे, हे त्या रात्री त्याने स्वतःच सांगितले.

या घटनेची प्रशासकीय कारणमीमांसा पुष्कळ झाली. अतिक्रमणे, अरुंद झालेले पात्र, तुंबलेले पूल यांची चर्चा झाली आणि ती योग्यच होती. परंतु शिक्षकांच्या आणि पालकांच्या मेळाव्यात एक वेगळा प्रश्न विचारला पाहिजे. ओढ्याच्या काठावर राहणाऱ्या प्रत्येक घरातील मूल शाळेत 'नदीचे कार्य' हा धडा शिकलेले असते. पाणलोट क्षेत्र म्हणजे काय, याची व्याख्या त्याला पाठ असते. आकृती काढून, नावे देऊन त्याने गुणही मिळवलेले असतात. तरीही आपल्या खिडकीखालून वाहणारे पाणी कोणत्या डोंगरावरून येते आणि कोणत्या नदीला मिळते, हे त्याला का सांगता येत नाही? व्याख्या ठाऊक आहे आणि ओढा अपरिचित आहे, अशी ही विचित्र अवस्था आहे. शिक्षणातील ही फट बुजवायची असेल, तर वर्षातून काही दिवस तरी वर्ग ओढ्याकाठी भरवावा लागेल. आजच्या विवेचनाचा विषय एवढाच आहे.

विषय आला, परिसर दुरावला

पर्यावरणाचे शिक्षण आपल्या देशात दुर्लक्षित राहिले, असे म्हणता येणार नाही. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २२ नोव्हेंबर १९९१ रोजी दिलेल्या निर्णयात पर्यावरण हा विषय शिक्षणाच्या सर्व पातळ्यांवर आणण्याचे निर्देश दिले. अंमलबजावणी रेंगाळल्यामुळे डिसेंबर २००३ मध्ये न्यायालयाला पुन्हा आदेश द्यावे लागले. त्यानंतर शालेय अभ्यासक्रमात हा विषय सक्तीचा झाला. महाविद्यालयांमध्येही सर्व शाखांच्या विद्यार्थ्यांना तो अनिवार्य झाला. महाराष्ट्रात तर प्राथमिक शाळेतील पुस्तकाचे नावच मुळी 'परिसर अभ्यास' असे आहे. इतके अर्थपूर्ण नाव क्वचितच एखाद्या पाठ्यपुस्तकाला लाभले असेल.

प्रत्यक्षात काय घडले? परिसराचा अभ्यास चार भिंतींच्या आत सुरू झाला. रिकाम्या जागा भरा, जोड्या लावा, प्रकल्पवहीत चित्रे चिकटवा, असे त्याचे स्वरूप झाले. 'जलप्रदूषणाची पाच कारणे लिहा' या प्रश्नाचे उत्तर तोंडपाठ असलेला विद्यार्थी शाळेजवळच्या पुलावरून रोज नाकाला रुमाल लावून जातो आणि त्या दोन गोष्टींचा परस्परसंबंध त्याच्या मनात जुळत नाही. दोष त्याचा नाही. तो संबंध जुळवण्याची जागा पुलाखाली आहे आणि तेथे त्याला कुणी नेलेले नाही.

वास्तविक शिक्षण उघड्यावर नेण्याची कल्पना आपल्याकडे परकी नाही. रवींद्रनाथांनी १९०१ साली शांतिनिकेतनात शाळा सुरू केली, ती झाडांच्या सावलीत. महाराष्ट्रात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य आरंभले आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. गुरे राखायला जाणारी वारली मुले शाळेत येऊ शकत नाहीत हे पाहून त्यांनी शाळाच गुरांच्या मागे कुरणात नेली. त्या 'कुरणशाळे'त पाने, दगड, बिया हेच शैक्षणिक साहित्य होते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्येही सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी दप्तराविना दहा दिवसांची शिफारस आहे. म्हणजे परंपरा आहे, न्यायालयाचा आदेश आहे आणि धोरणाचा आधारही आहे. उणीव आहे ती पहिले पाऊल उचलण्याची.

दगडाखालचे जग

ओढ्यात शिकण्यासारखे काय असते? वरवर पाहता दगड, वाळू, शेवाळ आणि पाणी. पण पावसाळा ओसरल्यावर, ऑक्टोबरच्या सुमारास, सह्याद्रीच्या पायथ्याशी एखाद्या स्वच्छ ओढ्यावर मुलांना न्यावे. गुडघ्याहून कमी पाण्यातला एक दगड हलकेच उचलून उलटा करावा आणि पांढऱ्या ताटात थोडे पाणी घेऊन त्यात तो धुवावा. प्रथम काहीच दिसत नाही. मिनिटभर शांत राहिले की ताटातील कचरा चालू लागतो.

सपाट अंगाचा, पोटाच्या दोन्ही बाजूंना कल्ल्यांची झालर असलेला आणि बहुधा तीन शेपट्यांचा एक जीव दिसतो. ते मेफ्लाय या कीटकाचे अर्भक असते. दोनच शेपट्या असलेला, थोडा दणकट दिसणारा जीव म्हणजे स्टोनफ्लायचे अर्भक. वाळूचे कण, काड्या आणि पानांचे तुकडे स्वतःच्या लाळेतील रेशमाने जोडून त्या नळीत राहणारी अळी ही कॅडिसफ्लायची. जबड्याचा आकडा झटक्यात पुढे फेकून शिकार धरणारे अर्भक चतुराचे असते. मेफ्लायचे आयुष्य तर मुलांना चकित करणारे असते. पाण्याखाली महिनोन्‌महिने वाढलेला हा कीटक पंख फुटल्यावर फार तर एक-दोन दिवस जगतो आणि त्या काळात अन्नही घेत नाही. त्याचे खरे आयुष्य दगडाखालीच सरलेले असते.

येथे शिक्षकाने नावे सांगण्याची घाई करू नये. आधी प्रश्न विचारावा. याचे अंग चपटे का? मुले विचार करतात, वाहत्या पाण्यात हात धरून पाहतात आणि त्यांच्या ध्यानात येते की, दगडाला चिकटून असलेल्या पाण्याचा वेग वरच्या पाण्यापेक्षा कितीतरी कमी असतो. चपटा जीव त्या संथ थरात सुरक्षित राहतो, उभा राहिला तर वाहून जाईल. शरीररचना आणि प्रवाहाचे भौतिकशास्त्र यांचा धडा एका दगडावर पूर्ण होतो. नाव त्यानंतर सांगितले की ते विसरले जात नाही.

मग दुसरा प्रश्न. हे सारे जीव खातात काय? घनदाट सावलीच्या लहान ओढ्यात ऊन कमी पोहोचते, त्यामुळे शेवाळही बेताचे असते. तेथील मुख्य अन्न काठावरच्या झाडांवरून येते. जांभूळ, उंबर, करंज यांची पाने पाण्यात पडतात. बुरशी आणि जिवाणू त्यांना मऊ करतात. मग कुरतडणारे जीव त्यांचे तुकडे करतात आणि उष्ण प्रदेशातील ओढ्यांमध्ये या कामात खेकड्यांचा वाटा मोठा असतो. ते बारीक तुकडे वाहत खाली जातात आणि तेथे गाळून खाणाऱ्या जीवांचे पोषण करतात. अमेरिकेतील रॉबिन व्हॅनोट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० साली हीच गोष्ट सिद्धांतरूपाने मांडली. उगमापासून मुखापर्यंत नदी ही एकसलग साखळी आहे, वरच्या टप्प्यात जे घडते त्यावर खालच्या टप्प्यातील जीवन अवलंबून असते, असा त्याचा आशय आहे. हा सिद्धांत मुलांना एका साध्या प्रयोगातून कळतो. जाळीच्या कांदा-बटाट्याच्या पिशवीत मोजून वाळलेली पाने भरावीत, ती दगडाला बांधून ओढ्यात ठेवावी आणि तीन-चार आठवड्यांनी उघडावी. पानांच्या शिल्लक राहिलेल्या शिरा आणि त्यांत वसलेले जीव पाहिल्यावर, काठावरचे झाड तोडणे म्हणजे ओढ्याचे स्वयंपाकघर बंद करणे, हे वेगळे सांगावे लागत नाही.

जीव साक्ष देतात

यानंतर खरा कस लागतो. त्याच ओढ्याचा वस्तीखालचा भाग मुलांना दाखवला पाहिजे. सांडपाणी मिसळलेल्या पाण्यात मुलांना उतरवायचे नाही, हे स्पष्टच सांगितले पाहिजे. तेथील पाहणी पुलावरून वा काठावरून करावी आणि नमुना लांब दांड्याच्या चाळणीने शिक्षकाने हातमोजे घालूनच काढावा.

ताटात आता मेफ्लाय नसतो, स्टोनफ्लाय नसतो. दिसतात त्या गाळात वळवळणाऱ्या लालभडक अळ्या. डासासारख्या दिसणाऱ्या, पण न चावणाऱ्या कायरोनोमिड माश्यांच्या त्या अळ्या होत. त्यांचा लाल रंग हिमोग्लोबिनचा असतो, म्हणजे माणसाच्या रक्तात प्राणवायू वाहून नेणाऱ्या द्रव्याच्याच जातीचा. पाण्यातील प्राणवायू अत्यल्प झाला तरी या अळ्या तग धरतात, इतरांचा मात्र श्वास कोंडतो.

येथे रसायनशास्त्र आपोआप येते. २० अंश सेल्सियस तापमानाच्या स्वच्छ पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळलेला राहू शकतो. तापमान ३० अंशांवर गेले की ते प्रमाण साडेसात मिलिग्रॅमपर्यंत उतरते. म्हणजे काठावरची सावली गेली आणि पाणी तापले, तरीही त्यातील प्राणवायू घटतो. त्यात मैला मिसळला की तो कुजवणारे जिवाणू उरलासुरला प्राणवायू वापरून टाकतात. स्नानायोग्य पाण्यासाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष असा आहे की, विरघळलेला प्राणवायू लिटरला किमान ५ मिलिग्रॅम असावा आणि जैविक प्राणवायूची मागणी ३ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावी. हे आकडे पुस्तकातही असतात. पण ज्याने सकाळी मेफ्लाय पाहिला आणि दुपारी त्याच ओढ्यात लाल अळ्या पाहिल्या, त्याला त्या आकड्यांचा अर्थ समजतो. रासायनिक चाचणी त्या क्षणाचे पाणी मोजते. दगडाखालचे जीव मात्र गेल्या कित्येक महिन्यांची साक्ष देतात, कारण मध्यंतरी एकदा जरी विष सुटले, तरी त्यांची हजेरी चुकते. एखाद्या सांडपाणी वाहिनीचे तोंड रात्रीच उघडले जात असेल, तर दिवसाच्या तपासणीत ते सुटून जाईल. जीवांच्या नोंदीत ते सुटणार नाही.

दोरी, काडी आणि घड्याळ

ओढा गणितही शिकवतो आणि त्यासाठी महागडी उपकरणे लागत नाहीत. दहा मीटर दोरी, वाळकी काडी, मोजपट्टी आणि सेकंदकाटा असलेले घड्याळ पुरेसे आहे. समजा, काडीला दहा मीटर वाहत जायला २० सेकंद लागले. म्हणजे वेग सेकंदाला अर्धा मीटर. ओढ्याची रुंदी दोन मीटर आणि सरासरी खोली २० सेंटिमीटर भरली, तर सेकंदाला २०० लिटर पाणी वाहते असे उत्तर येते. पृष्ठभागावरील पाणी तळाच्या पाण्यापेक्षा वेगाने वाहत असल्यामुळे त्याचे ८५ टक्के घ्यायचे. उत्तर आले १७० लिटर. दिवसाचे ८६,४०० सेकंद धरले तर १ कोटी ४६ लाख ८८ हजार लिटर. शहरी माणसाला दररोज १३५ लिटर पाणी, हे नियोजनातील प्रमाण धरले तर हा ढोपरभरही नसलेला ओढा एक लाखाहून अधिक माणसांच्या दिवसाच्या गरजेइतके पाणी वाहून नेत असतो. सातवी-आठवीच्या मुलाने हा हिशेब स्वतः केल्यावर त्या ओढ्याला 'नाला' म्हणताना त्याची जीभ अडखळल्याशिवाय राहील काय?

पुराचे गणितही असेच आहे. एका हेक्टरवर १ मिलिमीटर पाऊस पडला की १० हजार लिटर पाणी जमा होते. ५० मिलिमीटर पडला तर ५ लाख लिटर. माती, गवत आणि झाडे असतील तर त्यातील बराच भाग जमिनीत मुरतो आणि उरलेला सावकाश ओढ्यात येतो. तीच जमीन सिमेंट-डांबराखाली गेली की जवळजवळ सगळे पाणी थोड्या वेळात पात्रात धाव घेते आणि नेमके त्याच वेळी पात्र मात्र अरुंद केलेले असते. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मिठी नदीने काय केले, ते सर्वांच्या स्मरणात आहे. मिठीलाही त्याआधी अनेक मुंबईकर 'नाला'च समजत होते. पाऊस किती पडावा, हे माणसाच्या हाती नाही. त्याला वाट किती ठेवायची, हे मात्र माणसाच्या हाती आहे आणि ते ठरवणारे उद्याचे नगरसेवक, अभियंते, बांधकाम व्यावसायिक आणि घरखरेदीदार आज शाळेच्या बाकावर बसलेले आहेत.

आंबील ओढ्याची वाट

ज्या ओढ्यापासून या विवेचनाचा आरंभ झाला, तोच एक उत्तम पाठ्यक्रम आहे. कात्रजच्या डोंगरउतारावर उभे राहिले की पाणलोट क्षेत्र डोळ्यांसमोर नकाशासारखे पसरलेले दिसते. पायाखालचा काळा दगड हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. तेथून खाली उतरले की कात्रजचे तलाव लागतात. अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांच्या काळात येथे पाणी अडवले गेले आणि भूमिगत दगडी नळातून कित्येक किलोमीटर दूर शनिवारवाड्यापर्यंत आणि पेठांतील हौदांपर्यंत नेले गेले. वरच्या तलावात गाळ बसावा आणि निवळलेले पाणी खालच्या तलावातून नळात जावे, अशी योजना होती. नळातील हवेचा दाब मोकळा करण्यासाठी जागोजागी उच्छ्वास बांधलेले होते. पंपाविना, केवळ जमिनीच्या उताराचा वापर करून केलेली ही रचना पाहताना इतिहास, भूगोल आणि भौतिकशास्त्र या तीन तासिका एकत्र येतात.

पुढे पर्वतीच्या पायथ्याशी हाच ओढा इतिहासाचे आणखी एक पान उघडतो. पेशवेकाळात त्याचा मूळ प्रवाह वळवण्यात आला आणि पर्वतीखाली तळे निर्माण झाले. त्या तळ्यातील गणपती आजही 'तळ्यातला गणपती' म्हणून ओळखला जातो. तळे मात्र राहिले नाही, तेथे सारसबाग आहे. देवाच्या नावात पाण्याची आठवण टिकून राहिली आहे, एवढे मुलांच्या ध्यानात आणून दिले तरी गावोगावच्या नावांकडे पाहण्याची दृष्टी बदलते. पाणवठा, डोह, कोंड, झरा, तळे यांवरून पडलेली नावे आज जेथे आहेत, तेथे पाणी कुठे गेले, असे मूल विचारू लागते. त्यानंतर ओढा दाट वस्तीतून मार्ग काढत मुठेला मिळतो. या शेवटच्या टप्प्यात त्याची जी अवस्था दिसते, ती दाखवताना शिक्षकाला भाषण करावे लागत नाही. डोंगरावरून संगमापर्यंत मूल स्वतः आलेले असते. पुण्याबाहेरच्या शाळांना आंबील ओढा शोधत येण्याचे कारण नाही. डोंगर, जुनी पाणीयोजना, वस्ती आणि संगम अशी वाट असलेला एखादा ओढा महाराष्ट्रातील बहुतेक गावांना लाभलेला आहे.

माता म्हणणे आणि ओळखणे

आपला समाज नदीला माता म्हणतो. स्नानाच्या वेळी सात नद्यांचे स्मरण करण्याचा संस्कार असंख्य घरांत आजही आहे. या श्रद्धेचे सामर्थ्य किती असते, याचे उदाहरण रायगड जिल्ह्यात महाडजवळ पाहायला मिळते. तेथील वाळण कोंड या डोहात वरदायिनी देवीच्या श्रद्धेमुळे मासे पकडले जात नाहीत आणि म्हणून तेथे मोठमोठे महाशीर मासे निर्भयपणे पोहताना दिसतात. देवरायांचेही तसेच. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात सह्याद्रीतील देवरायांचा शास्त्रीय अभ्यास केला, तेव्हा अनेक ठिकाणी पाण्याचे उगम या देवरायांनी जपले असल्याचे जगासमोर आले. ज्या श्रद्धेबरोबर नियम असतो, ती निसर्गाचे रक्षण करते, हे यावरून दिसते.

परंतु नियम सुटला आणि केवळ शब्द उरला, तर काय होते, हेही प्रामाणिकपणे पाहिले पाहिजे. प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेले निर्माल्य पुलावरून पाण्यात भिरकावणारा हात नास्तिकाचा नसतो. तो श्रद्धाळू हातच असतो. नदीच्या आरतीला गर्दी होते आणि त्याच नदीत शहराचा मैला शुद्ध न होता सोडला जातो, तेव्हा प्रश्न विचारायला गर्दीतील फार थोडे लोक पुढे येतात. आईला आई म्हणावे आणि तिचा आजार मात्र ओळखू नये, अशी ही स्थिती आहे. ओढ्याकाठचा वर्ग येथे एक मोठे काम करू शकतो. दगडाखालच्या जीवांची ओळख झालेले मूल घरी येऊन निर्माल्याची पिशवी आजोबांच्या हातातून अलगद काढून घेते आणि ते बागेच्या खतात टाकू या, असे म्हणते. त्यात श्रद्धेचा अवमान नाही. श्रद्धेला जो नियम हवा होता, तो त्या मुलाने परत आणलेला असतो.

अडचणी आणि उपाय

या उपक्रमाला आक्षेप घेतले जातात आणि त्यांतील काही रास्त आहेत. पहिला आक्षेप सुरक्षिततेचा. तो सर्वांत महत्त्वाचा आहे. पावसाळ्यात, किंवा उगमाकडे ढग दाटलेले असताना मुलांना पात्रात नेऊ नये. डोंगरी ओढ्याला खाली ऊन असतानाही पाणी येऊ शकते. पाण्याची खोली आधी शिक्षकाने स्वतः पाहावी. गुडघ्याच्या वर पाणी असेल तेथे उतरू नये. मुलांच्या प्रत्येक गटाबरोबर एक प्रौढ व्यक्ती असावी. पायात बूट किंवा पट्टे असलेल्या चपला असाव्यात. अंगावर जखम असलेल्या मुलाला पाण्यात उतरवू नये, कारण दूषित पाण्यातून लेप्टोस्पायरोसिससारखे रोग होतात. परतल्यावर साबणाने हात-पाय धुणे सक्तीचे असावे. पालकांची लेखी संमती आणि प्रथमोपचाराची पेटी हेही ओघाने आलेच.

दुसरा आक्षेप संख्येचा. साठ मुलांचा वर्ग एकट्या शिक्षकाने कसा सांभाळायचा? येथे पालकांनी पुढे आले पाहिजे. सहा-सहा मुलांचे दहा गट केले तर दहा पालक लागतील. साठ घरांतून एका शनिवारसाठी दहा जण मिळू नयेत, इतका आपला समाज दरिद्री नाही. निवृत्त शिक्षक, अभियंते, डॉक्टर, वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक प्रत्येक उपनगरात आहेत. त्यांच्या ज्ञानाचा याहून चांगला उपयोग कोणता?

तिसरा आक्षेप परीक्षेचा. वेळ जातो आणि गुण मिळत नाहीत, असे सांगितले जाते. पण एका दिवसात मापन, सरासरी, उत्क्रांती, अन्नसाखळी, विद्राव्यता आणि स्थानिक इतिहास इतके घटक शिकवून होत असतील, तर वेळ वाचला असेच म्हणावे लागेल.

मात्र एक खबरदारी अवश्य घ्यावी. एकदा जाऊन येणे ही सहल होते, शिक्षण होत नाही. त्याच ओढ्यावर, त्याच ठिकाणी वर्षातून तीनदा जावे. पावसाळ्यानंतर, हिवाळ्यात आणि एप्रिलमध्ये. पाणी कोरडे पडले असेल तरीही जावे, कारण ओढा कोणत्या महिन्यात आटला, ही नोंदही मोलाची असते. जीवांना ताटात फार वेळ ठेवू नये, जेथून घेतले तेथेच सोडावे आणि उलटलेला दगड होता तसा परत ठेवावा. हा शेवटचा नियम लहान वाटतो. पण दुसऱ्याचे घर पाहून झाल्यावर दार लावून घ्यावे, हा संस्कार त्यातून होतो.

नोंदवही

आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे नोंदवही. तारीख, वेळ, हवेचे आणि पाण्याचे तापमान, रुंदी, खोली, वेग, पाण्याचा रंग आणि वास, दगडाखाली सापडलेले जीव, काठावरची झाडे, सांडपाण्याची तोंडे. एवढ्या नोंदी प्रत्येक भेटीत व्हाव्यात. ही वही विद्यार्थ्याची नसावी, शाळेची असावी. यंदाच्या सातवीने ती पुढच्या सातवीकडे सोपवावी. दहा वर्षांनी त्या शाळेकडे आपल्या ओढ्याची अशी सलग माहिती असेल की, जी कदाचित कोणत्याही कार्यालयात सापडणार नाही. पात्रात भराव पडू लागला, तर तारखेसह रुंदीच्या नोंदी बोलतील. मेफ्लाय दिसेनासा झाला, तर तो केव्हापासून, हे सांगता येईल. नागरिकांनी महापालिकेकडे वा ग्रामसभेत प्रश्न विचारायचा, तो संतापाने विचारला तर ऐकला जाईलच असे नाही. हातात दहा वर्षांची वही असेल, तर तो टाळणे कठीण होते.

मेळाव्याला आलेल्या प्रत्येक कुटुंबाने घरी परतल्यावर एक साधे काम करावे. आपल्या घरापासून सर्वांत जवळचा प्रवाह कोणता, त्याचे जुने नाव काय, तो कोठे उगम पावतो आणि कोणत्या नदीला मिळतो, हे शोधावे. शेजारच्या वृद्धांना विचारावे, जुना नकाशा पाहावा. नाव मिळाले की मुलांना घेऊन त्याच्या काठाने जेवढे जाता येईल तेवढे चालत जावे. शिक्षकांनी दिवाळीची सुटी संपताच एक शनिवार निश्चित करावा. साहित्य फार नाही. पिठाची एक जुनी चाळण, एक पांढरे ताट, दहा मीटर दोरी, एक भिंग आणि एक कोरी वही.

वहीच्या पहिल्या पानावर ओढ्याचे नाव लिहावे. नाला असे लिहू नये.